हिरवी पट्टी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या अपघात विभागात सगळेच म्हणतात. पाठीमागे म्हणतात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. सव्वीस वर्षं मी याच दारात नर्स म्हणून उभी आहे, आणि गोड बोलून माणसं वाचत नाहीत हे मला पहिल्याच वर्षी कळलं. शिकायला येणाऱ्या मुली पहिला आठवडा माझ्या नावानं रडतात, दुसऱ्या आठवड्यात कामाला लागतात.

त्यांच्याकडून मी एक पाठ घोकून घेते. जो बोंबलतोय त्याचा श्वास चालू आहे, त्याला जरा बोंबलू दे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. आधी श्वास, मग रक्त, मग शुद्ध. आणि मग कात्री. कपडे कापून उघडं अंग पुढून-मागून पाहिल्याशिवाय ‘मी पेशंट बघितला’ असं माझ्यासमोर म्हणायचं नाही. माझी स्वतःची कात्री दोरीनं गळ्यात अडकवलेली असते. नवऱ्याच्याही आधीपासून ही माझ्या गळ्यात पडलीय, असं मीच मुलींना सांगते आणि त्या घाबरत घाबरत हसतात.

एकदम खूप माणसं आली की दारातच मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोडा दम धरेल, काळी म्हणजे आपल्या हातात आता काही उरलेलं नाही. जो स्वतःच्या पायांनी चालत आला त्याला हिरवी, आणि त्यानं भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसायचं. पण हिरवी पट्टी बांधली म्हणजे आपण सुटलो असं नाही. दर पंधरा मिनिटांनी भिंतीकडे फेरी मारायची, प्रत्येकाची नाडी हात लावून बघायची, लांबून विचारपूस करायची नाही. हा नियम लिहून मीच तिथे चिकटवलाय. अजून आहे, माझ्याच अक्षरात.

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. उतारावरच्या वळणावर बस उलटली, तीस-पस्तीस माणसं आत आहेत. त्या मार्गावर माझा भाऊ बस चालवतो. घरात त्याला टिल्लू म्हणतात. लहानपणी मूठभर होता म्हणून नाव पडलं, आता सहा फूट उंच आणि चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी ते सुटलं नाही. नवऱ्याला सोडून मी माहेरी आले तेव्हापासून मी, तो आणि आई, आम्ही एकाच घरात राहतो. आदल्या दिवशी त्यानं कुणाच्या तरी बदल्यात दुहेरी पाळी केली होती, आणि सकाळी पुन्हा निघाला तेव्हा मी दारात त्याची खरडपट्टी काढली होती. “झोप झाल्याशिवाय गाडीला हात लावू नकोस. तुझ्या मागे माणसं बसलेली असतात, बटाट्याची पोती नाही,” असं मी त्याला म्हटलं होतं. तो हसला होता. “सहा तास मस्त झोपलोय गं ताई. तू घरात तरी सिस्टर नको ना होऊस,” म्हणाला आणि गेला.

पहिल्या दोन गाड्यांतून जखमी आले, तिसऱ्या गाडीतून तो आला. चालत आला, एका म्हाताऱ्या बाईंना दोन्ही हातांवर उचलून. वर्दीचा शर्ट धुळीनं माखलेला, कपाळावर एक ओरखडा, बाकी काही नाही. तो दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “हाच तो ड्रायव्हर! हाच!” आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर स्ट्रेचरवर एक शाळकरी मुलगी निळी पडत चालली होती, एका माणसाचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता, आणि हे सगळं करून हा ठोंब्या माझ्यासमोर धडधाकट उभा होता.

“झोप लागली ना?” मी विचारलं.

“ताई, ब्रेक—”

“आत्ता मला काही ऐकायचं नाही.”

आमचे ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण आहेत, पण डोकं ठिकाणावर असलेले आहेत. बाईंना पिवळी पट्टी बांधता बांधता त्यांनी टिल्लूकडे पाहिलं. “ड्रायव्हर ना हे? पोटावर स्टिअरिंग आदळलं असणार. दोन मिनिटं आत घेतो, सोनोग्राफी करून टाकू.”

बरोबर बोलत होते. हेच मी मुलींना शिकवते: ड्रायव्हर कितीही ताठ उभा असला तरी त्याचं पोट आणि छाती आधी बघा. पण दारातल्या नातेवाइकांपैकी एकानं माझं ‘ताई’ ऐकलं होतं. “अच्छा! सिस्टरचा भाऊ काय! म्हणून आधी त्याला! आमची माणसं मरू देत का?” असं तो ओरडला आणि अख्खं दार माझ्याकडे बघायला लागलं.

सव्वीस वर्षांत मी कधी कुणाचा वशिला चालू दिला नाही. साहेबाचा पुतण्या असो नाहीतर कुणाचा जावई, लाल ती लाल आणि हिरवी ती हिरवी. ते एकच तर माझ्याकडे होतं, ज्याच्या जोरावर मी सगळ्यांवर ओरडायचे. माझं तोंड रागानं आणि शरमेनं तापलं.

“याला नाही,” मी डॉक्टरांना म्हटलं. “याला सगळ्यात शेवटी. चालतोय ना तो?”

डॉक्टर एक क्षण थांबले. मी ज्येष्ठ, ते नवीन. ते त्या निळ्या मुलीकडे वळले. मी टिल्लूच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली, तिच्यावर वेळ लिहिली, अकरा चाळीस, आणि म्हटलं, “भिंतीकडे जाऊन बस. आणि मला तोंड दाखवू नकोस.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “आधी यांचं बघ.” पोटाशी हात धरून तो भिंतीकडे गेला. तो हात मी पाहिला होता. पाहून सोडून दिला.

त्यानंतरचा तास कसा गेला ते तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मुलीच्या छातीत हवा कोंडली होती. डॉक्टरांनी सुई घातली, फुस्स आवाज आला आणि तिचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले. पायवाल्याच्या मांडीला मी पट्टा आवळला, तो मला आईवरून शिव्या देत होता आणि मला त्या गोड वाटत होत्या, कारण त्याच्या मेंदूला रक्त पोचत होतं. मोठे सर्जन त्याला घेऊन ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. आमच्याकडे थिएटर एकच.

मध्येच आईचा फोन आला. बस उलटल्याचं तिला शेजारणीनं सांगितलं होतं.

“ठणठणीत आहे तो,” मी खांद्यानं फोन कानाशी दाबून धरत सांगितलं. “स्वतःच्या पायांनी चालत आला. माझ्यासमोर बसलाय.”

“तू बघितलंस ना त्याला?”

“बघितलं गं आई! ठेव आता.”

पंधरा मिनिटांची पहिली फेरी आली. माझे दोन्ही हात एका माणसाच्या डोक्यावर दाबलेले होते. मी तिथूनच भिंतीकडे ओरडले, “तिकडे सगळे ठीक आहेत का रे?” टिल्लूनं हात वर केला. “सगळे ठीक आहेत ताई. तू तिकडचं बघ.” शेजारच्या माणसाची सलाईनची बाटली त्यानं उंच धरली होती, कारण स्टँड संपले होते. मला वाटलं, चला, निदान उपयोगी तरी पडतोय. मी फेरी झाली असं धरलं.

दुसऱ्या फेरीलाही तसंच. हात वर झाला, या वेळी खांद्यापर्यंतच.

मग एक शिकाऊ मुलगी माझ्याजवळ आली. माझ्याशी बोलताना तिचा आवाज नेहमी कापतो, तसाच कापत होता. “मोठ्या सिस्टर, तुमचा भाऊ सारखं पाणी मागतोय. तिसऱ्यांदा मागितलं.”

“कुणाला पाणी द्यायचं नाही, माहीत नाही तुला?” मी तिच्यावर खेकसले. “आणि भाऊबिऊ काही नाही. पेशंट म्हणायचं.”

ती गेली. आतल्या आत रक्त गेलं की माणसाला तहान लागते, हे त्याच मुलीला मी पंधरा दिवसांपूर्वी शिकवलं होतं. तिला बिचारीला ते आठवलं म्हणून ती माझ्याकडे आली होती. माझ्या भीतीनं पुढचं वाक्य तिच्या तोंडातून निघालं नाही. हे तिनं मला नंतर सांगितलं, रडत. मी तिला काय म्हणणार होते? माझीच करणी.

त्यानंतरच्या फेऱ्या राहूनच गेल्या. एक वाजून पाच मिनिटांनी मी तिसऱ्यांदा ओरडले, “तिकडे ठीक ना?” कुणाचा हात वर झाला नाही. टिल्लूनं उचलून आणलेल्या त्या म्हाताऱ्या बाई भिंतीजवळच्याच खाटेवर होत्या. त्या म्हणाल्या, “अहो सिस्टर, हा माणूस गार पडलाय हो. मघापासून बोलत नाहीये.”

मी धावले. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी कधी धावले नव्हते. चालायचं, भराभर चालायचं, धावायचं नाही, हाही माझाच नियम. तो भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, घामानं डबडबलेला. सलाईनची बाटली त्यानं शर्टाच्या बटणाला अडकवली होती, खाली पडू नये म्हणून. मी नाडी धरली. ती धाग्याएवढी बारीक होती आणि मोजता येणार नाही इतकी पळत होती.

मी कात्री काढली आणि त्याचा शर्ट कापला, खालपासून गळ्यापर्यंत. पोटाच्या वरच्या भागावर जांभळी कमान उठली होती, या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत. स्टिअरिंगचा अर्धा गोल. पोट फुगून फळीसारखं कडक झालं होतं. दीड तास ते एका सुती कापडाच्या खाली होतं, माझ्यापासून पंधरा पावलांवर.

डॉक्टर आले. त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, पडद्यावर सगळं काळं दिसलं, म्हणजे सगळं रक्त. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन्ही हातांना मोठ्या सुया लावल्या, रक्त चढवायला घेतलं, थिएटरमध्ये निरोप गेला. तिथे टेबलावर तो पायवाला होता. आतून उत्तर आलं, वीस मिनिटं.

टिल्लूनं डोळे उघडले. “ताई,” तो म्हणाला, “मी झोपलो नव्हतो गं. ब्रेक लागलाच नाही. गाडी डोंगराच्या अंगाला घातली मी. दरीकडे नाही जाऊ दिली.”

“माहितीये मला,” मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

“तू चिडली होतीस.”

“नाही रे राजा. आता नाही चिडलेय. तू नुसता श्वास घे.”

“सगळे ठीक आहेत का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “सगळे ठीक आहेत.” ते खरं होतं. चौतीस माणसं आली होती, त्या दिवशी काळी पट्टी एकालाही बांधावी लागली नव्हती.

एक वाजून चोवीस मिनिटांनी थिएटरचं दार उघडलं. आम्ही स्ट्रेचर ढकलत निघालो आणि कॉरिडॉरच्या मध्यावर त्याची नाडी माझ्या बोटांखालून गेली. मी स्ट्रेचरवर चढून त्याची छाती दाबत राहिले. मोठे सर्जन बाहेर आले, त्यांनी मला थांब म्हणून सांगितलं, मी थांबले नाही. मग डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले. सर्जननी त्याचं मनगट उचललं, पट्टीवरची वेळ वाचली, मग घड्याळाकडे पाहिलं. “ड्रायव्हरला हिरवी कुणी बांधली?” त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “मी, सर.” मी म्हटलं, “खोटं बोलतायत ते. अक्षर माझं आहे.”

मुलींनी त्याला स्वच्छ केलं. मला करू दिलं नाही. मी भिंतीकडच्या बाकावर, त्याच्याच जागी जाऊन बसले. कापलेला शर्ट माझ्या मांडीवर होता. समोर माझा नियम चिकटवलेला होता आणि मला तो वाचायचा नव्हता, तरी नजर तिथेच जात होती. मी मेले असते तर बरं, असं वाटलं. आजही वाटतं, रोज.

अडीच वाजता आई आली. तिच्या हातात डबा होता, दोघांचा, दोन पुडाचा. गुडघे दुखत असूनही ती दोन स्टॉप चालत आली होती, कारण बस बंद होत्या. माझ्याकडे बघून ती हसली, मग तिनं माझ्या मांडीवरचं कापड पाहिलं.

“कुठंय तो? भूक लागली असेल त्याला, सकाळी नुसता चहा घेऊन गेलाय,” ती म्हणाली. “आणि बाहेर लोक काहीबाही बोलतायत गं. म्हणे ड्रायव्हर गेला. मी म्हटलं, जिभा झडतील तुमच्या. माझी मुलगी आत आहे. तिनं स्वतः बघितलंय त्याला.”

मी तिच्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला.

“तू बघितलंस ना गं त्याला?”

“नाही आई,” मी म्हटलं. “मी त्याला बघितलंच नाही.”