घुबडाचा काळा कोट

मी कोट आहे, काळा. शिवला गेलो वकिलासाठी आणि आयुष्य काढलं भुताटकीच्या गाण्यांत, असं माझे पहिले मालक म्हणतात. म्हणोत बापडे.

शिंप्याने वकीलसाहेबांचे खांदे मापून मला शिवलं. काही वर्षं मी कोर्टात रुबाबात वावरलो. मग साहेबांचं पोट सुटलं, माझी बटणं लागेनात, आणि मी कपाटात मागे ढकलला गेलो.

तिथून मला त्यांच्या मुलीने ओढून काढलं. कॉलेजात होती. डोळ्यांभोवती इतकं काजळ, की मैत्रिणी तिला घुबड म्हणत. तिलाही ते आवडायचं. काळे कपडे आणि उदास गाणी अशा एका गॉथ रॉक बँडने तिला झपाटलं होतं. त्या गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि बेस गिटार थेट छातीत धडधडणारी. तिने माझ्या कॉलरला सेफ्टी पिना टोचल्या आणि मला घालून निघाली.

"कोर्टाचा कोट आहे तो!" साहेब कडाडले. "आणि हे काय रडगाणं लावलंयस? वय वाढलं की सुटेल हे खूळ."

वय वाढलं. खूळ काही सुटलं नाही. घुबड दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. दिवसभर पांढरा एप्रन, सुटी झाली की मी. शेजारच्या काकू विचारायच्या, "कुणी गेलं का गं?"

"नाही काकू, सगळे मजेत."

मागच्या महिन्यात मात्र खरंच गेलं. तो गायक. साहेबांचा फोन आला.

"गेला म्हणे तुझा तो भुताटकीवाला."

"हो, बाबा. चाहते जमणार आहेत, मीही जातेय."

"कोट घालून जा," साहेब म्हणाले. " नीट इस्त्री करून."

रेकॉर्डच्या दुकानात त्याला निरोप द्यायला चाहते जमले होते. रडत होते आणि भांडतही होते. कुणी म्हणे, पहिल्या अल्बमनंतर बँड संपलाच; कुणी म्हणे, खरा अल्बम शेवटचाच. दारात एक टकलू उभा होता, जुना चाहता. त्याने फुलाफुलांचा स्वेटर घातलेल्या एका आजींना अडवलं.

"तुम्ही कधीपासून ऐकता?"

"परवापासून. बातम्यांत लागलं होतं."

"परवा? आजी, हे खऱ्या चाहत्यांसाठी आहे. माणूस गेला की सगळेच येतात."

घुबड पुढे झाली. "अरे, हे काय कपडे, हे काय गाणं, म्हणून लोकांनी आपल्याला जन्मभर टोकलं. आणि आता तू आजींचा स्वेटर तपासणार?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

आजीच बोलल्या. "माझे हे गेले तेव्हा जो तो म्हणाला, सावरा. परवा याचं गाणं ऐकलं; हा एकटाच तसं म्हणाला नाही."

टकलूने तोंड फुगवलं, पण वाट दिली. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने आजी त्यालाच म्हणाल्या, "जरा मोठ्याने लाव की रे!" आणि घुबडाचा हात धरून अशा नाचल्या, की माझ्या बगलेतली शिवण टर्रकन उसवली.

आता मी खुर्चीच्या पाठीवर लटकतोय. घुबडाची बहीण म्हणते, टाकून दे आता. बायांनो, शिवा मला, हवं तर ठिगळ लावा, पण टाकायचं नाव काढू नका. उन्हाने विटतोय, कबूल. विटेन तर विटेन. पांढरा काही व्हायचा नाही.