शुक्रवारचा कूलर

गजेंद्र मस्कतला एसी दुरुस्त करायला गेला तेव्हा त्याची आचल आठ वर्षांची होती. तेल्हाऱ्यात त्यांचं घर माझ्या घराला लागून. त्या घरातलं मला कोणी सांगावं लागत नाही, ऐकूच येतं. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, भिंतीपलीकडून फोनवरचा आवाज यायचा, "आचल, कॅमेरा खाली घे."

खाली म्हणजे कूलरवर. उन्हाळा लागला की आमच्याकडे कूलर बाहेर निघतो, बाजूंना नवं गवत भरलं जातं आणि पंप हमखास जाम झालेला असतो. आजोबा सूर्यभान, त्यांना नीट दिसत नाही. आई चंदा अंगणवाडीत. मग पोरगी पाना घेऊन बसायची आणि बाप तिकडून बोलायचा. "आधी पिन काढ. काढली? दाखव. आता पांढरी वायर." शाळा कशी चाललीय, ताप उतरला का, हे शेवटच्या दोन मिनिटांत. गल्ली म्हणायची, बाप असावा तर असा. मला काही ते पटलं नाही. पण मला विचारतो कोण?

गेली दोन वर्षं ते "कॅमेरा खाली घे" बंद झालं होतं. गजेंद्रला वाटलं, कूलर सुधारला.

यंदा आचल दहावी झाली. तिला अकोल्याच्या आयटीआयत एसी-फ्रिजचं काम शिकायचं होतं. बापानं फोनवरच उडवून लावलं. "पोरीनं पाना धरून घरोघरी फिरावं काय? लोक हसतीन." फॉर्मवर पालकाची सही हवी होती. चंदा नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाईना. आचलनं आजोबांना गळ घातली, तर ते म्हणाले, "बाप जित्ता असताना मी काहून सही करू?"

तेवढ्यात गजेंद्र महिन्याच्या सुट्टीवर आला. फॉर्मला चार दिवस उरले होते. पोरीनं तो त्याच्यापुढे ठेवला, त्यानं बॅगेखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर बंद पडला. मी त्यांच्याकडेच ताक पीत बसलो होतो.

"सरका, मी पायतो," गजेंद्र म्हणाला. त्यानं जाळी काढली आणि थबकला. आत त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं. मोटर वेगळी, पंप वेगळा, सगळ्या वायरी नव्यानं ओढलेल्या. एसीतला उस्ताद माणूस, पण घरच्या कूलरपुढे त्याचं डोकं चालेना. तरी त्यानं हात घातलाच.

"बाबा, आधी पिन काढा," आचल बाजेवरून म्हणाली.

त्यानं काढली.

"काढली? दाखवा."

त्यानं खरंच पिन वर धरून दाखवली.

"आता पांढरी वायर. ते नाही, मागची."

पाच मिनिटांत कूलर घरघरायला लागला. गजेंद्र उठला नाही.

"हे कोनं शिकवलं तुले?"

"तुमीच. दुसरं काय शिकवलं तुमी मले?"

चंदा तिच्यावर डाफरली. गजेंद्रनं हातानंच तिला थांबवलं. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठलो नाही.

"मले वाटे," तो म्हणाला, "मी कूलर दुरुस्त करून राहिलो." मग त्यानं हात पुसले. "आन तो फॉर्म इकडे."

सही झाली. महिना संपला तसा तो परत गेला. आचल एसटीनं अकोल्याला जाते-येते. शुक्रवारी संध्याकाळी फोन अजूनही येतो. परवा मुद्दाम कान दिला.

"आचल," तो म्हणत होता, "कॅमेरा वर घे."