आदरार्थी बहुवचन

सकाळच्या कोवळ्या उन्हाची एक तिरीप त्या वर्गाच्या उंबऱ्यावर येऊन थांबायची, आणि तिच्याहूनही मऊ असा एक शब्द आतून यायचा: ‘या.’ मंदाकिनीबाईंचा ‘या’. अक्षर एकच, पण त्यात पायघड्या होत्या, गुलाबदाणी होती, दूर कुठेतरी सनईसुद्धा असावी. आणि दारात कोण उभं असेल म्हणता? सहा वर्षांची, नाक वाहणारी, एका पायात मोजा आणि दुसऱ्या पायात नुसताच आत्मविश्वास घातलेली कुणी विभूती. ‘या, मोनिका, बसा. उशीर झाला का हो आज? बस मिळाली नाही वाटतं.’

मी हे प्रथम ऐकलं तेव्हा चटकन मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या पाठीशी शिक्षणाधिकारी येऊन ठेपले असावेत.

उर्दू-तेलुगू बोलणाऱ्या आमच्या शहरात, बरकतपुऱ्यातल्या त्या सरकारी शाळेत मराठीचा एकच वर्ग उरला होता आणि त्या वर्गात मंदाकिनीबाई होत्या. मी पोटासाठी बँकेत आणि जिवासाठी नाटकात, अशा दोन होड्यांवर पाय ठेवून पन्नाशी गाठलेला गृहस्थ. दर जानेवारीत मुलांचं नाटक बसवायला तिथे जात असे. बाई खडू धरायच्या तो अत्तराचा फाया धरावा तसा. फळा पुसायच्या तो झोपलेल्या लेकराच्या कपाळावरचे केस मागे सारावेत तसा. रागवायच्या? रागवायच्या तर! पण तेही बहुवचनात. ‘व्यंकटेश, आपण मोनिकांची वेणी ओढलीत. हे आपल्याला शोभलं का?’ आणि व्यंकटेश नावाचा तो उपद्रव असा विरघळायचा, की यापेक्षा छडी परवडली, असं त्याचा चेहरा उघड सांगायचा.

हे कुठून आणलं, म्हणून मी एकदा विचारलं. बाईंचं बालपण जामबागेतलं. शेजारी उर्दू बोलणाऱ्या एक खाला, म्हणजे मावशी, राहायच्या. त्या एवढ्याशा मंदालाही खुर्ची पुढे करून ‘आइए, तशरीफ रखिए’ म्हणायच्या. ‘त्या खुर्चीवरून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते हो,’ बाई हसून म्हणाल्या, ‘पण पाठ जी ताठ झाली, ती आजवर वाकली नाही.’

व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. आपण ते चांदीच्या ताटासारखं फडताळात ठेवतो. जावई, साहेब आणि देणगीदार आले की बाहेर काढतो, पुसून पुन्हा आत. बाईंनी ते ताट रोजच्या वरणभाताला घेतलं होतं.

परिणाम व्हायचे ते झालेच. व्यंकटेश एकदा काचीगुड्याला मोनिकाच्या घरी अभ्यासाला गेला. मोनिका भर बैठकीत त्याला म्हणाली, ‘अहो, माझा खोडरबर द्या ना.’ आजीला चहाचा ठसका लागला. ‘अगं कार्टे, नवरा आहे का तो तुझा?’

‘नाही आजी,’ मोनिका गंभीरपणे म्हणाली. ‘माझ्या बाकावर बसतात ते.’

पण सगळ्यांनाच हसू आलं नाही. पतंगांचे दिवस होते. खिडकीच्या चौकटीत आभाळ रंगीत ठिगळं लावून बसलं होतं, आणि अशा एका दुपारी, मुलं तालमीच्या गलक्यात असताना, वर्गातल्या श्रावस्तीचे वडील दारात आले. मूळचे नांदेडकडचे, इथे एका कचेरीत शिपाई. साहेबांच्या दाराबाहेर उभं राहण्यात ज्याची अर्धी हयात सरली, असा माणूस. नाव नुसतं सुदाम. ‘राव’ बाईंनी जोडलेलं.

‘या, सुदामराव, बसा.’

ते बसले नाहीत. भिंतीला न टेकता, हात पोटाशी बांधून उभे राहिले. ‘बाई, पोरीचं नाव काढायला आलोय.’

‘आमचं काही चुकलं का?’

‘तुम्ही लई चांगल्या हाव, बाई. तेच चुकायलंय.’ त्यांची नजर फरशीवर होती. ‘हितं या, बसा, घ्या. अन् भायेर? माझ्या आज्याला गावात कुनी नावानं हाक मारली न्हाई, नुस्तं ‘ए’. मला आजबी तेच हाय. उद्या हिला कुनीतरी ‘ए, हो बाजूला’ म्हननार, अन् लेकराचं काळीज फुटंल. त्यापरीस आत्ताच सवय असू द्या. दुसऱ्या शाळंत घालतो. तिथं दरडावत्यात, पन पोरं पक्की व्हत्यात.’

लेकीचं काळीज फुटू नये म्हणून ते आधीच घट्ट करायला निघालेला बाप माझ्यासमोर होता.

बाईंनी डस्टर खाली ठेवलं. ‘सुदामराव, शाळाही जगासारखीच वागायला लागली, तर मग ती हवी कशाला? तेवढं शिकवायला जग आहेच की.’ मग, जणू काही घडलंच नाही अशा सुरात, ‘हेडमास्तर येतील इतक्यात, नाव त्यांच्याकडेच काढावं लागतं. तोवर तालीम बघा.’

माझं प्रहसन एका संतापी राजाचं होतं. राजा श्रावस्ती, पुठ्ठ्याचा मुकुट सारखा तिच्या डोळ्यांवर घसरत होता, त्यामुळे दाराशी कोण उभं आहे हे महाराजांना दिसत नव्हतं. समोर भाला घेऊन शिपाई व्यंकटेश. आणि राजाचं वाक्य असं: ‘ए शिपाया! ठोंब्यासारखा उभा काय? चालता हो!’ हे वाक्य आठवडाभर तिच्या तोंडी बसत नव्हतं.

श्रावस्तीने हनुवटी वर करून मुकुटाखालून शिपायाला न्याहाळलं. ‘अहो शिपाई,’ ती म्हणाली, ‘कधीचे उभे आहात. बसा ना.’

‘महाराज!’ मी कपाळावर हात मारला. ‘तुम्ही राजा आहात, वधूपिता नव्हे!’

वर्ग खदखदून हसला. राजा हसला नाही. ‘पण सर, शिपाई दिवसभर उभेच असतात. माझे बाबा शिपाई आहेत ना, संध्याकाळी पाय सुजतात त्यांचे.’

हसणं जिथल्या तिथे विरलं. काचीगुडा स्टेशनकडून एका गाडीची शीळ आली आणि लांबत लांबत निघून गेली. माझा हात कपाळावरच राहिला. पंचवीस वर्षं मी लोकांना रंगमंचावर राजा व्हायला शिकवत होतो. राजा कसा असतो, ते मी त्या दुपारी पाहिलं.

दाराशी पोटावर बांधलेले दोन हात हळूच सुटले. सुदामराव पुढे आले आणि पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे पार छातीशी आले होते. पाठ मात्र ताठ.

तेवढ्यात हेडमास्तर आले. ‘क्या काम है? किसकू मिलना?’

सवयीने सुदामरावांचं अंग उठायला निघालं. अर्ध्यावर थांबलं. पुन्हा खाली बसलं. ‘कुछ नै, साब,’ ते बसूनच म्हणाले. ‘बच्ची की तालीम देखने कू आया.’

जाताना त्यांनी लेकीचं दप्तर खांद्याला अडकवलं, तिचा मुकुट दोन्ही हातांनी सरळ केला आणि म्हणाले, ‘चला, महाराज.’ त्यांच्या तोंडून तिच्यासाठी ‘चला’ निघालं, ते बहुधा प्रथमच. ते उच्चारताना त्यांचा आवाज थोडा अडखळला, नवी वहाण चावली की पाय अडखळतो तसा. श्रावस्तीचं नाव त्या वर्गाच्या हजेरीत राहिलं. माझा संतापी राजा कायमचा गेला. प्रजासत्ताक दिनी रंगमंचावर शिपाई खुर्चीत बसला होता आणि राजा त्याला पाणी विचारत होता. नाटककार म्हणून माझी एवढी धूळधाण कधी झाली नव्हती, आणि एवढ्या टाळ्याही कधी मिळाल्या नव्हत्या.

मंदाकिनीबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. उन्हाची ती तिरीप अजून उंबऱ्यावर येते, क्षणभर थांबते, कुणी आत बोलावील म्हणून वाट पाहिल्यासारखी. आणि मग आपली आपणच आत शिरते. काळाला रीतभात नसते, तो राजाला आणि शिपायाला एकाच एकेरीत ‘चल’ म्हणतो. पण बाईंच्या दारात तो आला असेल तेव्हा आतून आधी ‘या, बसा’ ऐकू आलं असणार. आणि मग, माझा पक्का संशय आहे, त्यालाही जन्मात प्रथमच ‘चला’ म्हणावं लागलं असेल.