गावाचा गुडघा

आमच्या देशाचा कायदा म्हणतो, हवामान मागेल तेव्हा गाडीला हिवाळी टायर लावावेत. हवामान कुणाच्या कानात येऊन मागणार, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. बाकीच्या फिनलंडने यावर काय तोड काढलीय कोण जाणे. आमच्या कुइवाकोस्की गावात एकतीस वर्षं हवामान ओइवाच्या उजव्या गुडघ्यात मागत होतं.

मी हिल्का. गावातलं टायरचं एकुलतं एक दुकान माझं. ओइवा एल्क हरणाच्या शिकारीत मचाणावरून पडला, त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात तो माझ्या दुकानात खिडकीजवळच्या पिवळ्या खुर्चीत बसून कण्हला आणि म्हणाला, "आज खिळ्यांचे लाव." मी लावले. दुसऱ्या सकाळी शहरातून येणारी बस चर्चच्या वळणावर खड्ड्यात गेली आणि ओइवाची गाडी तिच्या बाजूने चालत गेल्यासारखी निघून गेली. तेव्हापासून गावाने आपली अक्कल त्या गुडघ्यात ठेव म्हणून ठेवली.

आणि गुडघाही साधासुधा नव्हता, त्याला दोन दुखणी होती. कुरतडल्यासारखं दुखलं तर ओला बर्फ, म्हणजे पाऊस पडून वर गोठतो तो. त्यावर लोखंडी खिळ्यांचेच टायर रुततात. टोचल्यासारखं दुखलं तर कोरडा कडाका, त्याला मऊ रबराचे बिनखिळ्यांचे बरे, ते रस्त्याला बिलगून राहतात. शहाणा माणूस एक काहीतरी निवडतो आणि जपून चालवतो. आमच्या गावात घरटी तीन संच. उन्हाळी, खिळ्यांचे आणि बिनखिळ्यांचे. जे गाडीला नसतील ते माझ्या मागच्या शेडमध्ये राहायला असतात, म्हणून शेडला सगळे टायरांचं हॉटेल म्हणतात. पाहुणे शांत आहेत, तक्रार करत नाहीत, एवढंच त्या हॉटेलचं सुख.

सप्टेंबर संपता संपता ओइवा यायचा आणि गुडघा बोलेपर्यंत रोज सकाळी येत राहायचा. कॉफी, वेलचीचा बन, एकदोन वाक्यं. दिवस जाहीर झाला की गायब. मार्चअखेरीस पुन्हा यायचा, उन्हाळी टायरांचा दिवस सांगायचा आणि तळ्यावरच्या झोपडीवर मासे पकडायला निघून जायचा. आमच्याकडे कामाशिवाय कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. तेव्हा वर्षातले नऊ-दहा आठवडे तो माझ्या खुर्चीत, आणि उरलेलं वर्ष खुर्ची रिकामी. ती मी रोज पुसायचे. का पुसायचे ते माझं मला माहीत होतं.

यंदा ऑगस्टमध्ये ओइवाने शहरात जाऊन गुडघा बदलून घेतला. झोप लागत नव्हती म्हणे. धातूचा नवा गुडघा घेऊन तो गावात सरळ चालत आला, तेव्हा दुकानाबाहेरची माणसं भूत पाहिल्यासारखी बघत राहिली. त्याच आठवड्यात सभा भरली. निवृत्त मुख्याध्यापिका राइली अध्यक्ष. ती उभी राहून म्हणाली, "ओइवा, तू गावाला न विचारता गुडघा बदललास."

ओइवा म्हणाला, गुडघा माझा होता. ही बाजू कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मग प्लंबर पेन्टीने विचारलं, जुनं हाड कुठे आहे? ठराव झाला, हॉस्पिटलला पत्र गेलं की सदर हाड सार्वजनिक उपयोगाचं असल्याने बरणीतून परत पाठवावं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हाड उपलब्ध नाही. सोबत व्यायामाचं माहितीपत्रक जोडलं होतं. राइलीने तेही दोनदा वाचून पाहिलं, हवामानाचा कुठे उल्लेख आहे का म्हणून.

मी सांगून पाहिलं की बाहेर भिंतीवर तापमापक आहे, फोनवर अंदाज येतो. माझ्याकडे असं बघितलं सगळ्यांनी, जणू मी घरात जेवण असताना बाहेर खायला चला म्हणाले. शेवटी ठरलं, नवा सांधा निवडायचा. ज्यांना ज्यांना काही दुखतं त्यांनी नावं द्यावीत. एका महिन्याच्या आत गावात एवढी दुखणी निघाली की मला आश्चर्य वाटलं हे लोक जिवंत कसे. पेन्टीचं कोपर. सिस्कोची तळपायाची कुरुपं. पाद्रीबुवांची वरची दाढ. राइली वही घेऊन रोज माझ्या दुकानात बसायची आणि एकेकाला विचारायची. कोपर म्हणायचं ओला बर्फ, कुरुपं म्हणायची कोरडा कडाका, दाढ म्हणायची दोन्ही, एकाच वेळी. दाढ पुढे होती, कारण पाद्रीबुवांवर अविश्वास कसा दाखवायचा. शनिवारी दुपारी बारा वाजता निकाल, आणि जो जिंकेल त्याला पिवळी खुर्ची.

हे शेवटचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गाव कुणाच्याही दाढेवर चालो, मला काय. पण त्या खुर्चीत मला ओइवाशिवाय दुसरं कुणी नको होतं. एकतीस वर्षांत हे मी त्याला सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची लाज वाटत होती, कारण वय साठीला टेकलं की असल्या गोष्टी सर्दीसारख्या लपवाव्या लागतात.

शनिवारी सकाळी ओइवा आला. बनाचा कागद उलगडत बसला. मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "खोटं बोल. म्हणावं नव्या गुडघ्यालाही कळतं. धातूला उलट जास्तच कळतं."

"नाही जमणार."

"एवढा साधू कधीपासून झालास?"

"तसं नाही." त्याने बन खाली ठेवला. "आधीच एकतीस वर्षं बोललोय. गुडघा रोज दुखायचा, हिल्का. सप्टेंबर ते मे. एकसारखा. ना कुरतडायचा ना टोचायचा, नुसता दुखायचा."

मी एका टायरवर बसले. मग विचारलं, दिवस कसा ठरवायचास. तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

"तुझ्या मोज्यांवरून," तो म्हणाला. "तू लाकडी चपलांत ते राखाडी लोकरी मोजे चढवलेस की मी म्हणायचो, आज. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभी असतेस, तुझ्या तळव्यांना कळत असणार."

"आणि खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे?"

"दाराजवळ जी चळत लावलेली असायची, ते."

मी हसले नाही, कारण हसण्यासारखं नव्हतं. दाराजवळची चळत मी त्याच्या आदल्या दिवशीच्या कण्हण्यावरून लावायचे. खोल कण्हला की खिळ्यांची, वरवर कण्हला की बिनखिळ्यांची. आणि ते मोजे? माझे तळवे तर केव्हाच बधिर झालेत, त्यांना निखारासुद्धा कळणार नाही. तो दारातून जास्त लंगडत आला की मी मोजे चढवायचे, म्हणजे मागणी आलीच तर आपली तयारी असावी. मी हे त्याला सांगितलं. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. तो मला बघून सांगत होता, मी त्याला बघून. एकतीस हिवाळे अख्ख्या गावाचे टायर कुणीच बदलायला सांगितले नव्हते. बर्फ आपला पडायचा, ऑक्टोबरात आमच्याकडे केव्हाही सांगा, आठवड्याभरात पडतोच.

"पण लंगडायचास तर खरा," मी म्हटलं. "काही दिवशी जास्त."

"दारात अडखळायचो."

"कशाने?"

कान लाल झाले त्याचे. "आत कोण आहे ते बघायचो. खाली लक्ष नसायचं."

"आत माझ्याशिवाय कोण असतं?"

"पायरी उंच आहे," ओइवा म्हणाला, आणि बन खाऊ लागला.

बाराला पाच कमी असताना बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि जमीन मात्र आदल्या आठवड्यापासून गोठलेली होती. राइलीची गाडी उतारावर दिसली. तिच्या शेजारी पाद्रीबुवा गालावर हात धरून बसले होते. सांधा निवडला नव्हता, म्हणून गावातल्या प्रत्येक गाडीप्रमाणे तिच्याही गाडीला उन्हाळी टायर, म्हणजे या थंडीत नुसते लाकडी ओंडके. राइलीने ब्रेक दाबला असावा, कारण चाकं थांबली. गाडी थांबली नाही. ती आडवी होऊन इतक्या सावकाश घसरत आली की निकालासाठी दुकानात येऊन बसलेल्या निवड समितीने उठून खिडकीत जागा धरली आणि पेन्टीने स्वतःला कॉफी ओतून घेतली. पाद्रीबुवांनी काचेतून आम्हाला हात केला. आम्हीही केला. मग गाडी दाराबाहेरच्या जुन्या टायरांच्या ढिगाला टेकली आणि उभी राहिली.

राइली आत आली, वही उघडली आणि वही मिटली. पाद्रीबुवा म्हणाले, दाढेला यातलं काहीच कळलं नव्हतं. मग कुणी सांगितल्याशिवाय सगळेच पिवळ्या खुर्चीकडे वळले. सवय ती सवय.

"ओइवा," राइली म्हणाली, आणि मुख्याध्यापिकेचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला मी, "गुडघा काही म्हणतो का?"

ओइवाने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणार नव्हता तो, ते मला दिसत होतं. तो तोंड उघडणार, त्याआधी मी खण ओढला, राखाडी मोजे काढले, आणि अख्ख्या समितीसमोर एक पाय टायरवर ठेवून एक मोजा चढवला, मग दुसरा. मग दाराजवळची बिनखिळ्यांची चळत लाथेने बाजूला सारली.

ओइवा खोल कण्हला. "खिळ्यांचे," तो म्हणाला.

सोमवारपर्यंत मी आणि दोन पाने, आम्ही गावातल्या सगळ्या गाड्या उरकल्या. सांध्यांची वही राइलीने शेकोटीत घातली. खुर्ची ओइवाचीच राहिली आणि धातूच्या गुडघ्याची कीर्ती पलीकडच्या गावापर्यंत गेली. मी मोज्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

मार्चअखेरीस तो पुन्हा आला आणि मग माझी खरी पंचाईत झाली. एरवी त्याचं लंगडणं कमी झालं की मी मोजे काढायचे. आता तो लंगडतच नव्हता, नवा गुडघा पायरी बरोबर चढायचा. म्हणजे मोजे कधी काढायचे हे सर्वस्वी माझ्यावर आलं. एप्रिल गेला, तळ्यावरचा बर्फ फुटला. मोजे पायात. मे गेला, बर्चला पानं आली, डास आले. मोजे पायात. कोरड्या डांबरावर खिळ्यांच्या टायरांचा असा खडखडाट चालला होता की चर्चमध्ये प्रवचन ऐकू येईना. पण गुडघा बोलल्याशिवाय टायर बदलतील तर ते कुइवाकोस्कीचे लोक कसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शहरातून हवालदार आला. घामाने टोपी काढून हातात धरली होती त्याने. खिळ्यांच्या टायरांची मुदत केव्हाच संपली, हवामान मागत असेल तर कायद्यात सवलत आहे, म्हणाला, पण बाहेर तेवीस अंश आहे. "तुमच्याकडे हवामान अजून मागतंय का?"

मी ओइवाकडे बोट दाखवलं. ओइवाने माझ्या पायांकडे बघितलं. "मागतंय," तो म्हणाला. हवालदाराने लिहून घेतलं आणि खडखडाटातून परत गेला.

तो गेल्यावर दुकानात आम्ही दोघंच उरलो. तळव्यांना खाज सुटली होती, इतकं तरी त्यांना अजून कळत होतं. मी म्हटलं, "मी हे काढले की तू झोपडीवर जाशील."

ओइवाने कॉफीचा कप फिरवला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग म्हणाला, "झोपडीलाही पायरी आहे. उंच."

आमच्या माणसांच्या मानाने हे फार मोठं भाषण होतं. मी त्याच्यावर नीट विचार केला. मग वाकले आणि एक मोजा काढला.

ते खिडकीबाहेरून कुणीतरी पाहिलं असणार. तासाभरात दुकानासमोर रांग लागली, आणि ओइवा काही बोलायच्या आत प्रत्येकाने दोन-दोन टायर बदलून मागितले. कुठले दोन, असं राइलीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ज्या बाजूचा मोजा काढला त्या बाजूचे. तिला ते पटलं. संध्याकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि ओइवाच्या गाडीत बसले.

दुसरा मोजा मी तळ्यावर काढला. गावाला अजून ते माहीत नाही, गाव एका बाजूला उन्हाळी आणि एका बाजूला खिळ्यांचे टायर लावून फिरतंय. सोमवारी सांगेन.