ह्यांच्यासाठी मशीन

कोरगावात कमलाक्षीच्या घराचं लोखंडी फाटक वरच्या बिजागरीतून निखळलं, ते दिवाळीच्या आधी. पावसाळाभर बिजागरी गंजत होती. एका सकाळी दारावर आलेल्या पोदेराकडून पाव घेऊन ती फाटक लावायला गेली, तर ते तिच्या अंगावरच कललं. तिने ते खांद्याने पेललं, कसंबसं खांबाला टेकवलं आणि सुंभाने बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणाचीतरी गाय फटीतून आत शिरली आणि तांबड्या भाजीचा वाफा साफ करून गेली.

असं काही मोडलं की आधी महादेव बघायचा. महादेव म्हणजे तिचा नवरा; तुयेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला माणसं येत राहिली, मग सणावारी येऊ लागली, मग फोनवर आली.

तुयेला प्रज्योत नावाचा फॅब्रिकेशनवाला होता. महादेवच्या ओळखीतला. कमलाक्षीने त्याला फोन केला.

"फाल्यां सकाळी येतंय, काकी," तो म्हणाला.

तिने अंगण झाडलं, धुतलेली साडी नेसली, चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले. तो आला नाही. फोन केला तर पुन्हा "फाल्यां", म्हणजे उद्या. पुन्हा आधण, पुन्हा दोन कप. असं बरेच दिवस चाललं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण खरं म्हणजे त्या सकाळी तिला बऱ्या वाटत. कुणीतरी येणार आहे म्हणून उठायचं, हे तिला बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं.

शेवटी तीच बसने तुयेला गेली. प्रज्योत एका मोठ्या शेडच्या छपराच्या लोखंडी कैच्या जोडत होता. तिला बघून त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला आणि ओशाळून हसला.

"काकी, खरां सांगू? एका बिजागरीसाठी मशीन टेम्पोत घालून येवंक माका जमणा नाय. माझो अर्धो दिस जाता. तुमका 'नाय' म्हणूक तोंड होयना, म्हणान 'फाल्यां' म्हणतंय."

"मगे मी काय करू?"

"आता बारकी मशीनां येतत. पिशयेत घालून नेवची. घेवा एक आणि तुमीच मारा वेल्डिंगचे टाके!" तो गमतीने म्हणाला आणि पुन्हा कामाला वळला.

त्याच्यासाठी ती गंमत होती. कमलाक्षी मात्र परतीच्या बसमध्ये तेवढाच विचार करत राहिली. नंतर आठवडाभर ती मोबाईलवर वेल्डिंगचे व्हिडिओ बघत होती. त्यातली माणसं भराभर हिंदी बोलत, पण निदान दुपारभर घरात कुणाचातरी आवाज असे.

म्हापशाच्या बाजारात सगुण नावाच्या माणसाचं हार्डवेअरचं दुकान होतं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा. कमलाक्षीने वेल्डिंगचं मशीन दाखवा म्हटलं, तसं त्याने तिच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"कोणाक होया, वैनी?"

"आमच्या ह्यांका," ती बोलून गेली.

बोलल्यावर तिचे कान तापले. पण सगुणला त्यात नवल वाटलं नाही. त्याने स्टूल पुढे केलं.

"ते आयले नाय?"

"बाजारात येवचो कंटाळो त्यांका."

"सगळ्यांचोच तसो," सगुण हसला. "काय काय करतले? शेड घालूची आसा?"

"नाय. फाटक, जनेलाचे गज. घरातली बारीकसारीक कामां."

सगुणने कोपऱ्यातलं जुन्या पद्धतीचं मशीन दाखवलं. तांब्याच्या वेटोळ्यांचं, चाकांवरचं. वर्षानुवर्षं मरत नाही, पण दोघांनी उचलायचं, आणि घरातल्या लायनीवर लावलं तर दिवे मिणमिणतात. मग त्याने फळीवरचं इन्व्हर्टर मशीन काढलं. डब्याएवढं, वर खांद्याला अडकवायचा पट्टा.

"ह्यांची कंबर दुखता," कमलाक्षी म्हणाली. "हलक्यां बरां."

महादेवची कंबर खरंच दुखायची. सगुण विचारत गेला, ती सांगत गेली. घरात सिंगल फेज. संध्याकाळी व्होल्टेज पडतो. ते सकाळीच काम करतात, ऊन चढायच्या आधी. त्यांना घाईचं काम आवडत नाही. तिला तो अर्धा तास फार सोपा गेला. जणू महादेव घरी पडवीत बसून तिची वाट बघतो आहे आणि हिने चुकीचं मशीन आणलं तर कुरकुरणार आहे.

सगुणने कमी व्होल्टेजलाही चालेल असं एक मशीन निवडलं. जाड लोखंडासाठी जास्त अँपिअरचं घ्यावं का, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, फाटकाला एवढं पुष्कळ, उगाच मोठं घेऊन पातळ पत्र्याला भोकं पडतात. सोबत अडीच एमएमचे रॉड, तारेचा ब्रश, आणि ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा.

"हातमोजे," तो म्हणाला. "त्यांचे हात केवढे?"

कमलाक्षीने स्वतःचे हात पुढे केले. "असेच. माझ्याएवढे."

सगुणने त्या हातांकडे पाहिलं. बांगड्या, बारीक मनगट, विळीवर कापल्याचा अंगठ्यावरचा व्रण. मग तो माळ्यावर चढला, बराच वेळ खोकी हलवली आणि लहान मापाचा एक जोड घेऊन खाली आला.

"ह्यांका सांगा," तो सावकाश म्हणाला, "नायलॉनचा कपडा आंगार नको. सुती, आणि लांब हातांचो. पायात बूट. चपलेर ठिणगी पडता. रॉड दमट जागेर ठेवूचे नाय. आधी भंगारातल्या तुकड्यांर हात बसवूचो, मगे फाटकाक हात लावूचो."

"सांगतंय," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

पुढचे दिवस तिने महादेवचा जुना सुती शर्ट घालून मागच्या अंगणात काढले. रॉड चिकटायचा, हिसका मारून सोडवावा लागायचा. पहिले टाके म्हणजे नुसते गोळे, कावळ्याने शिटल्यासारखे. मग हळूहळू आवाज ओळखू यायला लागला. नीट चाललं की तव्यावर बांगडा तळल्यासारखी एकसारखी चरचर.

एका सकाळी तिने फाटक विटांवर टेकवून उभं केलं, गंज आणि रंग घासून काढला, मशीनच्या तारेचा चिमटा फाटकाला लावला आणि बिजागरी जोडली. काळी खपली ठोकून काढल्यावर खाली ओबडधोबड पण भरीव सांधा दिसला. विटा काढल्या. फाटक उभं राहिलं. तिने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिने प्रज्योतला फोन केला. "येवंक नको. झाला."

"कोणी केला?"

"मीया."

"वा, काकी!" तो खरंच खूश झाला. मागे ग्राइंडर ओरडत होता. "बरां, ठेवतंय हां."

दुपारी शेजारची संजना स्कूटरवरून जाताना थांबली. "गेट केलास? कोण आयलेलो?" उत्तर ऐकून "मस्त!" म्हणाली आणि मुलीला शाळेतून आणायला उशीर होतो म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाक्षी जागी झाली आणि तशीच पडून राहिली. आज कुणाला फोन करायचा नव्हता, कुणी "फाल्यां" म्हणणार नव्हतं. आपण एवढ्या खटाटोपाने काय मिटवून टाकलं, हे तिला तेव्हा कळलं.

तरी ती उठली. खिडकीचे सुटलेले गज जोडले, कोयत्याची मूठ, विहिरीवरचा रहाटाचा आकडा. रॉड संपले तेव्हा पुन्हा म्हापशाला गेली.

"ह्यांचा काम कसा चल्ला?" सगुणने विचारलं.

'बरां' म्हटलं असतं तरी चाललं असतं. रहाटाचं त्यांनी केलं, गजांचं त्यांनी केलं, असं सगळं सांगता आलं असतं, आणि सगुणने ते नीट ऐकून घेतलं असतं.

"ते नाय," कमलाक्षी म्हणाली. "दोन वर्सां झाली. मशीन मीच चालवतंय."

सगुणने चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. "बसा, वैनी," एवढंच म्हणाला, आणि समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

चहा पिताना मशीन गरम होतं का, असं त्याने विचारलं. होत नाही, असं तिने सांगितलं. मग एक गिऱ्हाईक पाइप विचारत आलं आणि तो उठला. तिने कप काउंटरवर ठेवला, रॉडचं पाकीट पिशवीत घातलं आणि घराकडे जाणाऱ्या पेडण्याच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.