मूठभर काकडं

मॉलमधल्या पॅकबंद भाज्यांना विटलेली नीला आज बोरिवलीच्या बाजारातून पहिल्यांदाच शेवळं घेऊन आली होती. ती रानभाजी विकणाऱ्या आदिवासी बाईनं जुडीबरोबर आवळ्यासारखी मूठभर हिरवी फळं पिशवीत टाकली, तेव्हा नीला भडकलीच. "न मागता माल गळ्यात मारू नका!" म्हणत तिनं ती फळं टोपलीत भिरकावली आणि बाई काय सांगतेय ते न ऐकताच तरातरा निघाली.

तासाभरात भाजी ताटात आली. तिचा नवरा विद्याधर जेवायला बसला, तोच खालून आरडाओरडा ऐकू आला. "शेवळं नेलेली बाय! ए शेवळं नेलेली बाय!" नीलानं खिडकीतून पाहिलं, तर तीच बाई गेटपाशी वॉचमनशी झोंबत होती.

"बघ, भांडायला घरापर्यंत आली!" नीला तणतणली. विद्याधरनं हसून घास उचलला.

"खाऊ नको गं!" खालून बाई ओरडली. "काकडं घातल्याबिगर शेवळं खाल्ली तर घसा सुजंल!"

नीलानं त्याच्या हाताला असा हिसडा दिला, की घास भिंतीवर जाऊन आपटला. मग ती अनवाणीच जिने उतरली.

गल्लीतल्या प्रत्येक बिल्डिंगखाली ओरडत आलेल्या त्या बाईनं मूठ उघडली. आत तीच हिरवी फळं होती, काकडं.

"तुमचा घसा पार बसलाय हो," नीला कशीबशी म्हणाली.

"माझाच बसला ना?" बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुझ्या घरच्यांचा नाय."