चाचणीचं उड्डाण

मास्तरांनी पंखावर गोठलेलं दव इतक्या जोराने पुसलं, की फडकं फाटायचंच बाकी राहिलं.

"चाळीस वर्षं उडतोय मी," ते म्हणाले. "निम्म्या क्लबला ग्लायडर चालवायला मी शिकवलं. आणि आता माझी परीक्षा!"

"सत्तरी ओलांडली की सगळ्यांचीच घेतात, बाबा," मुलगी म्हणाली. "पास झालात की उद्यापासून पुन्हा एकट्याने उडा."

"आणि नापास झालो तर?"

"तर यापुढे कायम कुणाला तरी मागे बसवून."

ती आता क्लबची मुख्य प्रशिक्षक होती. कधीकाळी तिचे पाय पेडलला पोचावेत म्हणून मास्तरांनी तिच्या पाठीशी दोन उशा लावल्या होत्या. तीच पोर आज मागच्या सीटवर बसून त्यांच्या चुका काढणार! मास्तरांनी फडकं खिशात कोंबलं आणि पुढे जाऊन बसले.

तपासणीची यादी त्यांनी पाढे म्हणावेत तशी खणखणीत आवाजात म्हटली.

"पट्टे घट्ट. काच बंद. पंखांचे ब्रेक बंद, कळ लावलेली."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोर ओढणारं विंच गुरगुरलं, दोर ताणला गेला आणि ग्लायडरने जमीन सोडली. पण नेहमीसारखी नाही. जड अंगाने, रडतखडत. उजव्या हातात दांडा, डाव्या हातात दोर सोडायची मूठ गच्च धरून मास्तर दातओठ खात होते.

"विंचवाला झोपलाय की काय? असं ओढतात होय? आणि ही हवा! मेल्या हवेत काही जीवच नाही!"

क्षणभराने ग्लायडरने अंग झटकल्यासारखं केलं आणि सरसर वर चढू लागलं.

"बघितलंस? हातातच असावं लागतं. नियम करणाऱ्यांना काय कळतंय त्यातलं!"

पुढचं सगळं बिनचूक झालं. खाली शेतं पांढुरकी दिसत होती, वळणं सुरेख आली, आणि उतरताना चाक कधी टेकलं तेही कळलं नाही. पण मास्तरांचा पारा उतरला नव्हता. पट्टे सोडून ते तडक विंचकडे निघाले. मैदान चांगलं किलोमीटरभर लांब; रागाच्या भरात त्यांना थंडीही वाजली नाही.

विंचवाला मफलर गुंडाळून चहा पीत होता.

"तुझ्यापायी नापास झालो असतो मी! दोर ओढत होतास की जांभया देत होतास?"

"अहो मास्तर, ब्रेकच्या फळ्या पंखांतून ताठ उभ्या, आणि मी काय ओढणार कपाळ? पाय दाबून दाबून पोटरीत गोळा आला माझ्या! मग वर गेल्यावर बंद केल्यात तुम्ही, म्हणून निभावलं."

"काहीतरी बोलू नकोस. कळ लावली होती मी. मोठ्याने म्हटलंसुद्धा."

"म्हटलं असेल हो," विंचवाला चहात फुंकर मारत म्हणाला.

मास्तर पुढचं वाक्य बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. चढताना तो दोराच्या मुठीवरून एकदाही हलला नव्हता. ब्रेकची कळ मात्र दोन्ही सीटना जोडलेली असते. पुढच्याने विसरली, तर मागच्याला लावता येते.

परत यायला त्यांना दुप्पट वेळ लागला.

मुलगी पंखावर निकालाचा कागद ठेवून उभी होती. कागद अजून कोराच होता.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "सकाळची हवा जरा विचित्रच होती. आजचं धरायला नको. उद्या पुन्हा जाऊ."

वारा दाखवणारी पिशवी खांबाला सरळ लोंबत होती. दूरच्या धुराड्यातून धुराची एक उभी रेघ निघाली होती.

"हवेला कशाला बोल लावतेस?" मास्तर कडाडले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

"हवा उत्तम होती. लिही."